नितळ पाण्याची खूण

करंजवाडीचा डोंगर खेळात कसा पाडायचा, यावरून सादियाचं आणि मानसीचं वाजलं होतं त्याला आता तीन वर्षं झाली. भांडण म्हणावं असं ते नव्हतंच. मानसी पुण्यात, सादिया महाडात, मधे संगणकाचा पडदा, आणि पडद्याआडून माणसाला धड भांडताही येत नाही. शेवटी सादियानं होकाराची मान हलवली. ती मान किती महाग पडणार आहे हे तेव्हा कोणी सांगितलं असतं, तरी तिनं ऐकलं नसतं. खेळच तर आहे, असं म्हणाली असती.

खेळाचं नाव 'घाटवाट'. नकाशावर बसून राज्य चालवायचा खेळ. साडेतीनशे वर्षांपूर्वीचं कोकण, त्यातला एखादा मुलूख आपण घ्यायचा, बंदर सांभाळायचं, घाटावर जकात बसवायची, मिठाचे बैल वर चढवायचे आणि जमेल तसा शेजारी गिळायचा. एक पाळी म्हणजे एक महिना. सादिया इतिहासात एम. ए. झालेली. पुण्यातल्या त्या छोट्या कंपनीनं तिला घरबसल्या काम दिलं, ते कोकणाचा नकाशा खरा करण्याचं. आणि ही पोरगी खरेपणाच्या बाबतीत म्हणजे अगदी हट्टाला पेटलेली. भरतीच्या पाण्यावर गलबतं सावित्रीतून महाडपर्यंत यायची, तर हिनं भरतीचे तास मांडले. पावसाळ्यात दर्या बंद, म्हणून हिनं बंदर चार महिने बंद ठेवलं. कंपनीत खेळाचे नियम बसवणाऱ्या मानसीनं ते दोन महिन्यांवर आणलं, कारण चार महिने हात चोळत बसायला कोणी खेळ विकत घेत नाही. बैलांच्या रोगाची साथ निम्मी झाली. वाघ तर समूळ गेले. सादिया दर वेळी कुरकुरायची आणि दर वेळी मान हलवायची. मानसी काही वाईट बाई नव्हती, आणि तिचं म्हणणंही खोटं नव्हतं. खेळाला तोल लागतो. नुसता खरेपणा खेळायला बसलं, तर माणूस दुसऱ्या पाळीला उठून जाईल.

तर डोंगर. तो आला हैबतीबाबांकडून.

हैबती उतेकर हे पोलादपूरच्या वरच्या अंगाला असलेल्या करंजवाडीचे. सादियाच्या अब्बांचा, म्हणजे अब्बासभाईंचा टेम्पो तीस वर्षं त्या वाडीला जातोय. वाडीतली निम्मी माणसं मुंबईला. त्यांचे पत्रे, तांदळाची पोती, लग्नातली कपाटं, सगळं याच टेम्पोतून चढलं आणि उतरलं. अब्बासभाईंची एक सवय होती. वाडीतून निघाले की ओढा ओलांडून समोरच्या वळणावर, जिथून अख्खी वाडी दिसते, तिथे ते हॉर्न वाजवायचे, एकदा लांब. मग घराघरातून जो असेल तो दारात यायचा, हात वर करायचा आणि आत जायचा. झाली भेट. मुंबईला निघालेल्या पोरांना त्या हॉर्नवर रडू यायचं म्हणतात. अब्बासभाईंना विचारलं तर म्हणत, ब्रेक तपासतो तसा हॉर्न तपासतो, दुसरं काही नाही.

बाजाराच्या दिवशी हैबतीबाबा शिकेकाईचं ओझं घेऊन महाडात आले की चहाला यांच्या ओट्यावर. सादियानं त्यांना एकदा सहज विचारलं की वाडीच्या वरच्या बाजूला जी जुनी घरटाणं दिसतात, नुसती जोती आणि निवडुंग, ती कोणाची. बाबांनी आधी रस्त्याकडे पाहिलं, मग वर आभाळाकडे. करंजवाडीत एक रीत आहे. डोंगराचं डोंगराखाली बोलायचं नाही. कोसळणं, दरड, असले शब्द वाडीत कोणी तोंडातून काढत नाही. डोंगर ऐकतो, आणि ऐकलं की त्याला आठवतं. त्यामुळे जे घडलं ते बाबांनी बायकोला सांगितलं नव्हतं, पोराला नाही, नातवाला नाही. महाड डोंगराखाली नव्हतं. म्हणून त्या ओट्यावर, बशीतला चहा निववत, त्यांनी ते सादियाला सांगितलं, आणि तिनं ते त्यांना विचारून, त्यांच्याच आवाजात फोनवर भरून घेतलं.

"आदी झऱ्याचं पानी तांबडं झालं," बाबा सांगत होते. "म्हातारी मानसं बोलली, निगा हितनं. आमी समदी खाली देवळात. आठ दिस. नवव्या दिशी पानी नितळ झालं, असं नितळ की तळातला खडा दिसावा. मंग बोलली, डोंगर निवला. समदी वर ग्येली. आयनं चुलीवर भात घातला, नि मला बोलली, हैबत्या, वढा गप का झाला रं? मी बघाया भायेर ग्येलो. म्हनून मी हाय."

भात शिजला नव्हता, असं ते शेवटी म्हणाले. एकोणीस माणसं गेली. बाबा तेव्हा नऊ वर्षांचे.

सादियानं ते जसंच्या तसं खेळात घातलं. पाणी तांबडं, मग नितळ, मग ओढा गप, मग डोंगर. आणि खेळून बघणाऱ्यांनी आकाशपाताळ एक केलं. पोलादपूरचा मुलूख घेतला की माणूस मरतोच, म्हणाले. पाणी तांबडं झालं, आम्ही माणसं हलवली. नितळ झालं, परत आणली. आणि मग डोंगर पाडता? ही फसवणूक आहे. मानसीनं त्यांची बाजू घेतली. खेळात खूण म्हणजे वचन असतं, ती म्हणाली, एकदा दिलं की मोडायचं नाही. वाईट खूण वाईट, चांगली खूण चांगली, मधलं काही नको. खऱ्या डोंगराला कोणाशी न्यायानं वागावं लागत नाही, आपल्याला लागतं. ओढ्याचं तर तिनं हसण्यावारीच नेलं. "शांतता कोणाला ऐकू येत नाही, सादिया. लोक गाणी लावून खेळतात."

तर सादियानं नवीन मांडलं. पाणी तांबडं झालं की धोका, आणि माणसं हलवायला तीन पाळ्या हातात. पाणी नितळ झालं की धोका संपला. ओढा काढून टाकला. आणि नितळ पाण्याच्या चित्राखाली आपल्या हातानं ओळ लिहिली: 'झऱ्याचे पाणी नितळ झाले. डोंगर निवला. धोका टळला.' आणि तांबड्या-नितळ दोन्ही चित्रांखाली बारीक अक्षरात: 'हैबती उतेकर, करंजवाडी, यांच्या सांगण्यावरून.' तेवढंच तिच्या मनाला बरं वाटलं, म्हाताऱ्याचं नाव तरी राहिलं. आपली ओळ झाकायला तिनं ते नाव पुढं केलं होतं, पण हे तिला पुष्कळ उशिरा कळलं.

खेळ निघाला तेव्हा बाबांचा नातू दीपेश मुंबईला भांडुपात कुरिअरच्या गोदामात होता. वाडीच्या पोरांच्या ग्रुपवर त्यानं आजोबांच्या नावाचा फोटो टाकला, आणि मग काय, गोदामात, रिक्षा स्टँडवर, जेवणाच्या सुट्टीत, जो तो करंजवाडी वाचवायला बसला. दीपेशनं गावी जाऊन आजोबांना ते दाखवलंही. हैबतीबाबांना वाचता येत नव्हतं. त्यांनी नावावरून अंगठा फिरवला आणि हसले. वर काय लिहिलंय ते त्यांनी विचारलं नाही, आणि दीपेशनं वाचून दाखवलं नाही, कारण ते वाडीत बसले होते आणि डोंगर ऐकत होता. मग गेल्याच्या गेल्या पौषात बाबा वारले.

यंदाच्या श्रावणात करंजवाडीचा झरा तांबडा झाला.

दीपेश घराचे पत्रे बदलायला आधीच येऊन राहिला होता. त्यानं कळशीतलं पाणी पाहिलं आणि कोणाला काही न बोलता, रीत सांभाळून, फक्त फोनवरचं, खेळातलं तांबड्या पाण्याचं चित्र घराघरात दाखवत फिरला. बाकीच्या वाड्यांमध्ये अशा वेळी सरकारी माणूस येतो, नोटीस लावतो, लोक नोटिशीवर भाजी वाळवतात. करंजवाडी मात्र एका दिवसात खाली उतरली, म्हाताऱ्याच्या शब्दावर. सगळी खालच्या गावातल्या शाळेत. सामान अब्बासभाईंनी उतरवलं. दीपेशनं सादियाला फोन केला आणि म्हणाला की ताई, तुझ्या खेळानं आमची वाडी वाचवली. सादियाला इतका आनंद झाला की ती शरिफाला, तिच्या अम्मीला, मिठी मारून आली. मानसीलाही तिनं कळवलं. मानसीनं टाळ्यांची चित्रं पाठवली. त्या वेळी सादियाला नितळ पाणी आठवलं का? आठवलं. एकदा, भांडी विसळताना. तिनं ते मनाआड केलं. ते पुढचं पुढं, असं स्वतःला सांगितलं. माणूस आनंदात असला की असा बेसावध होतो, आणि मला याचाच राग येतो.

शाळेत आठ दिवस गेले. गणपती तोंडावर आले. मुंबईची माणसं उतरू लागली, आणि कुरबूर सुरू झाली की देव काय शाळेत बसवायचा? बाकांवर? गेल्या वर्षी बाबांच्या जाण्यानं उतेकरांच्या घरी गणपती कसाबसाच झाला होता. यंदा दीपेशनं मखर स्वतः केलं होतं. चतुर्थीच्या आदल्या संध्याकाळी तो एकटा वर जाऊन आला आणि खाली आल्यावर सादियाला एक फोटो पाठवला. काचेच्या पेल्यात पाणी. पेल्यातून त्याच्या हातावरची रेघ न् रेघ दिसत होती. खाली लिहिलं होतं: 'एकदम क्लिअर ताई. धोका टळला. पहाटे वर जातोय. मोदक खायला ये.'

सादियानं तो फोटो पाहिला चतुर्थीच्या सकाळी, साडेसहाला.

तिनं दीपेशला फोन लावला, लागला नाही. वाडीत नेटवर्क असतं ते झाडावर चढणाऱ्याला. ती खाली आली. भिंतीवर मागच्या महापुराची रेघ अजून आहे, तिला टेकून अब्बा वजूचे ओले हात पुसत उभे होते. तिनं सगळं सांगितलं, ओट्यावरचं, मानसीचं, ओळीचं.  "चप्पल घाल," अब्बासभाई एवढंच म्हणाले आणि किल्ली घेतली.

कशेडी घाटात रात्री दगड आले होते. ट्रकांची रांग पोलादपूरच्या अलीकडेपर्यंत उभी. अब्बासभाईंनी टेम्पो कडेकडेनं, दोनदा चिखलात घालून, शिव्या खात काढला. पाऊस मोठा नव्हता, पण थांबतही नव्हता. बराच वेळ गेल्यावर त्यांनी विचारलं की हे तेव्हाच मला का नाही सांगितलंस. खेळातलं होतं अब्बा, ती म्हणाली.

"हैबतीचं होतं," ते म्हणाले. "आपल्याकडे ठेवायला दिलं होतं त्यानं."

 ठेव म्हणून दिलेल्या वस्तूला हात लावायचा नसतो, हे ज्या घरात पाळण्यापासून शिकवलेलं, त्या घरातली ती. तिनं ठेव उघडली होती, त्यातला बोचणारा भाग काढून टाकला होता आणि वरून मालकाचं नाव लिहिलं होतं.

वाडीच्या अलीकडे ओढा लागतो, त्यावर बुटकी मोरी, गाडी जाईल एवढाच पूल. ओढा दुथडी भरून असा गर्जत होता की अब्बा काय म्हणाले ते तिला शेजारी बसून ऐकू आलं नाही. पाणी मोरीच्या कठड्याला लागत होतं. ते पार करून वर पोचले तेव्हा दहा वाजत आले होते.

वाडी सणाची होती. पाच घरं वर आली होती, लहानमोठी मिळून सत्तावीस माणसं. बाकीची दुपारच्या एसटीनं यायची होती. दारात रांगोळ्या, पत्र्यांतून धूर. चार घरांतल्या मूर्ती अजून रुमालाखाली होत्या. मुहूर्त दुपारी धरला होता. उतेकरांकडे मात्र दीपेशनं भल्या पहाटे प्रतिष्ठा करून टाकली होती. समई लागलेली, मखर झगमगत. आत चुलीवर मैनाआजी, हैबतीबाबांची बायको, भाताचं पातेलं ठेवत होती. सादियाला पाहून तिचं तोंड फुललं.

सादियानं दीपेशला अंगणात घेतलं आणि सांगितलं. दीपेश आधी हसला. मग त्यानं खिशातून फोन काढला, नितळ पाण्याचं चित्र उघडलं आणि तिच्यापुढे धरलं. तिचीच ओळ. त्याखाली त्याच्या आजोबांचं नाव.

"हे कोण बोललंय?" त्यानं विचारलं.

"मी. बाबा नाही. बाबा उलटं म्हणाले होते."

"मंग उलटं का लिवलंस?"

खेळात तोल लागतो, हे उत्तर तिच्या ओठावर आलं. भर पावसात, त्या अंगणात, ते उच्चारायची तिला लाज वाटली. "लोकांना हरायला आवडत नव्हतं," ती म्हणाली.

माणसं जमली. कोणीतरी म्हणालं की या बाईला डोंगराखाली असलं बोलायला नको, अब्बासभाई, सांगा तिला. दीपेश आता हसत नव्हता. तो म्हणाला, आणि त्याचं चुकलं असं मी तरी म्हणणार नाही, की ताई, तुझ्या खेळावर आमी खाली ग्येलो, तू बोललीस म्हनून. आता तूच येऊन बोलतेस ते खोटं. उद्या तिसरं काय बोलशील?

तेव्हा सादियानं फोन वर धरला आणि बाबांना बोलू दिलं.

वाडीत त्यांचा आवाज दीड वर्षानं आला. "आदी झऱ्याचं पानी तांबडं झालं." चुलीपाशी मैनाआजीचा हात थांबला. ती उंबऱ्यात आली. डोंगराखाली डोंगराचं बोलणारा तिचा नवरा, आयुष्यात जे त्यानं तिच्याजवळ काढलं नाही ते सगळ्यांसमोर सांगत होता. देवळातले आठ दिवस आले, नितळ पाणी आलं. "मंग बोलली, डोंगर निवला. समदी वर ग्येली. आयनं चुलीवर भात घातला, नि–"

"बंद कर गो," मैनाआजी म्हणाली.

सादियानं बंद केलं. आजी आत गेली. तिनं हंडा उचलला आणि पेटत्या चुलीवर उपडा केला. चतुर्थीच्या दिवशी पेटती चूल विझवणं म्हणजे केवढा अपशकुन, हे तिथल्या पोरासोरांना ठाऊक होतं. राख आणि वाफ दारातून बाहेर आली.

"आज भात शिजाया नको," ती बाहेर येऊन म्हणाली. "उचला समदी."

त्यानंतर कोणी वाद घातला नाही. जे फोनला झालं नाही, नोटिशीला कधी झालं नसतं, ते त्या विझल्या चुलीनं केलं. चारही घरांनी रुमालाखालचे देव उचलले, पोरं काखोटीला मारली, आणि अब्बासभाईंनी फाळका पाडून एकेकाला वर ओढलं. पंचवीस माणसं दाटीवाटीनं उभी राहिली. आजीला दीपेशनं उचलून पुढे सादियाजवळ बसवलं. आणि तो मागे सरला.

प्रतिष्ठा झालेला देव उत्तरपूजेशिवाय हलवत नाहीत. आणि बसलेल्या देवाला एकटा टाकून, दिवा विझवून, घराला कुलूप घालत नाहीत. हे कोणी कोणाला सांगायची गरज नव्हती. दीपेश म्हणाला की दीड दिवसाचाच तर आहे, उद्या दुपारी विसर्जन करतो आणि येतो खाली. सादिया टेम्पोतून उतरली. ती त्याला म्हणाली की मी पाया पडते तुझ्या. तो ओशाळला, दोन पावलं मागे झाला.

"आज्याचा देव हाय ताई. मागल्या सालात नीट नाय झाला," तो म्हणाला. "तू आजीला ने. टेन्शन नको घेऊ."

अब्बासभाईंनी तिला हाक मारली. मागे पंचवीस माणसं भिजत होती, त्यात तान्ही पोरं. ती वर चढली. तिला वाटत होतं की आपण काहीतरी सांगायचं विसरतोय, दीपेशला सांगायलाच हवं असं काहीतरी, पण डोक्यात इतका कल्लोळ होता की ते हाती लागेना. टेम्पो उतरणीला लागला.

वळणं सावकाश घ्यावी लागत होती. मागे कोणी बोलत नव्हतं. एक बाई देवाचं नाव पुटपुटत होती, ते पुढे स्पष्ट ऐकू येत होतं. पत्र्यावरचा पाऊस ऐकू येत होता. अब्बांचा श्वास ऐकू येत होता. मोरी समोर आली तेव्हा मैनाआजीनं काच पुसली, बाहेर पाहिलं आणि सादियाकडे वळली.

"वढा गप का झाला गो?"

सादियानं पाहिलं. दोन तासांपूर्वी जिथं पाणी कठड्याला लागत होतं, तिथं ओले धोंडे होते. धोंड्यांमधून बोटाएवढी धार चालली होती. पाऊस पडतच होता.

मग तिला आठवलं, काय सांगायचं राहिलं ते. खेळातून काढलं तेव्हा ते तिनं इतक्या साफ काढलं होतं की तिच्या जिभेवरूनही गेलं होतं. दीपेशला कोणी ओढ्याचं सांगितलंच नव्हतं. आजीनं फोन बंद करायला लावला तो बरोबर त्याच्या एक वाक्य आधी.

"अब्बा, थांबू नका," ती म्हणाली. आपला आवाज तिला अनोळखी वाटला. "मोरीवर थांबू नका. पलीकडे घ्या, वर घ्या."

अब्बासभाईंनी तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि विचारलं नाही. टेम्पो मोरीवरून धडधडत गेला, समोरचा चढ चढला. मागे पंचवीस, पुढे तीन. वर एक. हा हिशेब तिनं पाळीपाळीला शेकडो वेळा केला होता आणि दर वेळी तो बरोबर सुटला होता. आत्ताही तो सुटत होता, आणि तो एक तिला वजा करता येत नव्हता.

वळणावर टेम्पो थांबला. समोर, कोरड्या ओढ्यापलीकडे, अख्खी वाडी दिसत होती. सकाळी उघडलेली पाच घरं, त्यातल्या एका दारात उजेड. वर धुक्यात डोंगर. हाक पोचणार नव्हती, फोन लागत नव्हता, आणि मोरी परत ओलांडून त्या चढाला टेम्पो घालायला वेळ आहे की नाही हे जगात कोणालाच माहीत नव्हतं.

"हॉर्न वाजवा," सादिया म्हणाली. "अब्बा, वाजवा. सोडू नका. बाबा बाहेर आले म्हणून वाचले होते. त्याला बाहेर काढा."

अब्बासभाईंनी तळहात हॉर्नवर दाबला आणि दाबूनच धरला. तो आवाज दरीत भरला, डोंगराला लागून परत आला. खाली पाण्याचा टिपूस आवाज नव्हता, त्यामुळे तो फारच मोठा वाटत होता. मागची माणसं उठून वाडीकडे पाहू लागली. मैनाआजीनं काच खाली केली आणि नातवाला हाका मारायला लागली, दीपेशा, दीपेशा रे, त्या आवाजात तिचं तोंड नुसतं हलताना दिसत होतं.

वर धुक्यात, वाडीच्या माथ्यावर, झाडांची एक रांग उभीच्या उभी थोडी खाली सरकल्यासारखी सादियाला वाटली.

आणि दीपेश बाहेर आला. पांढरा सदरा, तोच. अंगणात दोन पावलं आला, वळणाकडे पाहिलं. टेम्पो ओढ्यापलीकडे सुखरूप पोचलेला त्याला दिसला असणार. त्यानं हात वर केला, लहानपणापासून करत आला तसा, थोडा वेळ तसाच धरला. मग तो आत गेला, आणि वाऱ्यानं समई जाऊ नये म्हणून त्यानं दार लोटून घेतलं.